सदलग्याजवळचा फ्रान्स

शशिकांत दरवर्षी माघात फ्रान्सला जाऊन यायचा. पासपोर्ट लागत नसे. स्वारगेटहून कर्नाटकची लाल बस धरायची, निपाणीला उतरायचं आणि सदलग्याच्या रस्त्याला लागायचं, की आलाच फ्रान्स. परतताना त्याच्याजवळ दोन वस्तू असत : बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा आणि सुजलेला उजवा पाय. मी पुस्तकातून डोकं वर काढून विचारायचे, "काय झालं?"

"हुकल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मग तो पायाला मलम चोळत बसे आणि मी पुन्हा पुस्तकात शिरे. आमच्या संसारातला हा फुटबॉलचा सगळा वाटा.

गेल्या श्रावणात शशिकांत गेला. माघ जवळ आला तसा त्याच्या गावाहून फोन आला. रावसाहेब नावाचे गृहस्थ बोलत होते, तिथल्या तालमीचे आणि फुटबॉल संघाचे प्रमुख. "काकू, यंदा अण्णांच्या जागी तुमीच या. पेनल्टी मारायला." मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. माझ्या पायाने आजवर कपाटाचा उघडा खण बंद करण्यापलीकडे काही मारलेलं नव्हतं. तरी मी "येते" म्हणाले.

पेनल्टीची हकिगत अशी. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. आपल्याला दोन पेनल्ट्या मिळाल्या आणि आपण दोन्ही घालवल्या. सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण दोन-एक असे हरलो. ही बातमी शशिकांतच्या गावातल्या ड्रिलमास्तरांच्या इतकी जिवाला लागली, की त्यांनी पुढे गावच्या स्पर्धेला एक रीत लावून दिली. अंतिम सामन्याआधी त्या दोन पेनल्ट्या पुन्हा मारायच्या, अनवाणी. दोन्ही आत गेल्या की फ्रान्सचा विषय संपला, रीतही संपली. मास्तरांनी म्हातारपणापर्यंत मारल्या, हुकल्या. मग त्यांच्या विद्यार्थ्याने, म्हणजे शशिकांतने मारल्या. त्याही हुकल्या.

मला हे एकदाचं संपवायचं होतं. शशिकांतची कॅनव्हासची पिशवी अजून दारामागे लटकत होती. आत टॉवेल, मलमाची डबी आणि एक शिट्टी. ती काढून ठेवायला माझा हात जात नव्हता. मनाशी ठरवलं, दोन्ही गोल करायचे, त्याचं राहिलेलं पुरं करायचं आणि घरी आल्यावर पिशवी माळ्यावर टाकायची. तयारी मी माझ्या पद्धतीने केली, म्हणजे वाचन. पेनल्टी घेताना टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी असावा, नजर खाली असावी, शरीर मागे झुकू नये, हे सारं मला तोंडपाठ झालं. प्रत्यक्ष सरावात मात्र गच्चीवर शेजारच्या जोशीकाकूंच्या कोरफडीची कुंडी गेली. शरीर मागे झुकलं होतं.

शिवाय मी एक भाषणही लिहिलं : 'आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधील भारतीय फुटबॉल संघ'. ते कुणी मागितलं नव्हतं.

बसमध्ये मी तेच भाषण तपासत बसले. हेलसिंकीत, १९५२ साली, आपण युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असे हरलो, तेव्हा कराड मागे पडलं. मेलबर्नला, १९५६ साली, ऑस्ट्रेलियाला चार गोल मारून आपण उपांत्य फेरीत पोहोचलो आणि शेवटी चौथे आलो. या चौथ्या क्रमांकाचं वाक्य काही केल्या जमेना. 'केवळ चौथा' म्हणावं की 'चक्क चौथा'? मी खोडत होते, लिहीत होते. मान वर केली तेव्हा घाट लागला होता. सुरेख घाट. ऊन झाडांमधून रस्त्यावर सांडलेलं. मी तो डोळे भरून पाहिला. हा तवंदीचा घाट आणि तो उतरला की निपाणी, अशी माझी ठाम समजूत होती.

बऱ्याच वेळाने कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला.

"बाई, तुमी निपाणीच्या न्हवं? निप्पाणी होयतु!" (निपाणी गेली!)

"असं कसं? घाट तर आत्ता झाला."

"निपाणीच्या फुडं घाट हाय, बाई. तुमी बसलायसा तवापासनं निपाणी तितंच हाय. हलवली न्हाय कुणी." मागच्या बाकावर कुणीतरी खुदखुदलं. "मी वरडलो की निपाणी, निपाणी म्हणून. तुमी लिवत हुता. म्हटलं, मास्तरीणबाई पेपर तपासत्यात."

मेलबर्नच्या नादात मी तालुका ओलांडत होते. आता मधेच उतरून उलट जाण्यापेक्षा बेळगाव गाठावं आणि रात्रीपुरतं सांबऱ्याला आक्कांकडे जावं, असं ठरवलं. सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. कंडक्टरने पुढचं तिकीट फाडलं आणि "आता बेळगावला मी सोता उठवतो," असं आश्वासन दिलं. मी झोपले नव्हते, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

आक्का म्हणजे शशिकांतची थोरली बहीण. सांबऱ्यात विमानतळाजवळ राहून त्यांना एक सवय लागली आहे. विमान डोक्यावरून जायला लागलं की त्या बोलता बोलता थांबतात, हात तसाच हवेत ठेवतात आणि आवाज विरला की पुढच्या शब्दापासून सुरू होतात. मला दारात बघून त्यांनी आधी पोटभर रडून घेतलं. मधे एक विमान गेलं तेव्हा त्या थांबल्या आणि मग पुन्हा रडल्या. मलाही रडू येत होतं, पण त्या विमानाने माझी लय बिघडली. मी नुसतीच पदर धरून उभी राहिले.

जेवायला ज्वारीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोडक्याची आमटी होती. वर वाटीत कुंदा. आक्कांनी विचारलं, "का आलीस गं, नलू, येवढ्या लांबनं?"

"पेनल्ट्या मारायला. त्यांना इतकी वर्षं जमल्या नाहीत, म्हटलं आपण—"

"जमल्या न्हाईत?" आक्कांनी भाकरी थापायची थांबवली. "कुणाला? शशाला?"

"दरवर्षी हुकायच्या."

"खुळी का काय तू! अगं, लहानपणी शाळंच्या म्होरल्या चिंचंवर त्यो बॉल मारायचा. आमी म्हणायचो, ह्यो आकडा पाड, की—" विमान आलं. आक्कांचा हात झाडाच्या उंचीवर थांबला. मी श्वास रोखून बसले. विमान धावपट्टीवर टेकलं. "—त्योच आकडा पडायचा. शेजारचा हालायचा बी न्हाय."

"मग गोलात का जात नव्हता? गोल तर केवढा मोठा असतो."

"ते मला काय ठावं? तुजा न्हवरा. तू इचारायचं हुतंस."

मी विचारायचे की. 'दोन्ही?' असं विचारायचे.

सकाळी मी निपाणीला परतले आणि या खेपेला उतरलेही. 'सकाळी येते' एवढंच रात्री फोनवर कळवलं होतं, त्यामुळे स्टँडवर रावसाहेब मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, अंगाने पैलवान आणि आवाजाने त्याहून पैलवान. "काल वाट बघून बघून डोळं गेलं, काकू! कुटं गेलता?"

"मेलबर्नला," मी म्हणाले. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

मोटारसायकलवर मी एका बाजूला पाय सोडून बसले. एका हातात शशिकांतची पिशवी, दुसऱ्या हातात भाषण. गावाबाहेर पडलो तसा तंबाखूचा वास सुरू झाला. रस्त्याच्या कडेच्या रानात तोडलेली पानं वाळत पसरली होती. लांबून पाहिलं तर जमिनीने तपकिरी शाल पांघरली आहे असं वाटावं. जवळून मात्र ती शाल सरळ नाकात जाते. मी शिंकले. रावसाहेब म्हणाले, "हुईल सवय." ती काही झाली नाही. पुढे ऊस लागला, वास बदलला. दूध घेऊन जाणाऱ्या एकाने ओरडून विचारलं, "शशीअण्णांच्या व्हय रं?" रावसाहेबांनी मान हलवली. त्या माणसाने कॅन खाली ठेवून मला हात जोडले. मला हात जोडता येईनात, भाषण उडालं असतं. मी भाषणानेच नमस्कार केला.

मैदान एका जुन्या तंबाखूच्या वखारीमागे होतं. गोलाचे खांब बांबूचे, आणि जाळीऐवजी तंबाखूच्या पोत्यांची बारदानं शिवून लावलेली. चेंडू जोरात लागला की बारदानातून तपकिरी धूळ उठते. तिथे गोलाची खूण हीच. धूळ उठली, गोल झाला.

गोलात लोखंडी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उन्हात गडद निळा लोकरीचा कोट आणि खाली पांढरंशुभ्र धोतर.

"हे आमचं फ्रान्स," रावसाहेब म्हणाले.

हे बाबगोंडा आप्पा. तंबाखूचे व्यापारी, शशिकांतचे शाळासोबती. मास्तरांच्या काळापासून फ्रान्सचे गोलकीपर तेच. फ्रान्स थंड मुलूख, म्हणून कोट. सत्तरी उलटल्यापासून ते पेनल्टीच्या वेळेपर्यंत खुर्चीवर बसतात. मग खुर्ची बाजूला काढली जाते आणि ते मधोमध उभे राहतात. हलत नाहीत. इतक्या वर्षांत हलायची वेळच आली नाही.

"वैनी, आलासा," ते म्हणाले. त्यांनी कोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. मी भाषणाची पानं सारखी केली. दोघांच्याही हातात काहीतरी होतं ते बरं झालं.

अंतिम सामन्याचे दोन्ही संघ एका बाजूला पाय मोकळे करत होते. बाकी सगळं गाव चुन्याच्या रेषेभोवती बसलं होतं. रावसाहेबांनी माईक माझ्या हातात दिला. "दोन शब्द," ते म्हणाले. माझ्याजवळ बारा पानं होती.

मी लंडनपासून सुरुवात केली. लोक शांत होते. मला वाटलं, पकड बसली. हेलसिंकीच्या दहा गोलांपर्यंत आले तेव्हा पहिला आवाज आला, "बाई, घरचं कार्य हाय, मयताचं नका काढू!" मग १९५० सालच्या विश्वचषकावर आले. आपल्या संघाला ब्राझीलचं बोलावणं होतं आणि आपण गेलो नाही. "अनवाणी खेळू देईनात म्हणून आपण गेलो नाही, असा एक समज आहे," मी वाचलं, "परंतु तो पूर्णतः खरा नाही. लांबचा प्रवास, आणि आपल्याच पदाधिकाऱ्यांना त्या स्पर्धेचं महत्त्व—"

"खोटं हाय!" एक आजोबा काठी टेकत उठले. "बूट घाला म्हटलं, आमी म्हटलं न्हाय घालत! मास्तरांनी सांगितलंय!"

"आजोबा, मी संदर्भ तपासलेत."

"मास्तरांपेक्षा संदर्भ मोटा हाय का?"

हशा झाला. मी पान उलटलं, तेवढ्यात शिंक आली. माईकवर. वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

एशियाडच्या दोन सुवर्णांना, १९५१ ची दिल्ली आणि १९६२ ची जकार्ता, टाळ्या पडल्या. मी जरा सावरले. पण पानं उलटत गेले तशा टाळ्या आटत गेल्या. आशियाई करंडकात १९६४ साली दुसरे. पुढे कितीतरी वेळा स्पर्धेतच नाही. अलीकडे, २०१९ ला, शेवटच्या क्षणी बहारिनने पेनल्टीवर घालवलेलं. त्याच्या पुढच्या खेपेला, कतारमध्ये, तीन सामने आणि आपला एकही गोल नाही.

"काकू," रावसाहेब कानाशी येऊन म्हणाले, "फुडचं ऱ्हाऊ द्या. मंडळी पेनल्टीला आलीत. हरल्यालं सगळ्यास्नी पाठ हाय."

बारापैकी तीन पानं उरली ती उरलीच. मी चपला काढल्या, पदर खोचला. माती कोमट होती. गवताचे कापलेले खुंट तळव्याला टोचत होते. शशिकांतचा पाय का सुजायचा ते मला तिथे उभी राहिल्यावर कळलं.

खुर्ची हलली. बाबगोंडा आप्पा उभे राहिले. शिट्टी मीच आणली होती, शशिकांतची. ती रावसाहेबांनी वाजवली.

टेकवलेला पाय चेंडूच्या शेजारी. नजर खाली. शरीर पुढे. मी सगळं केलं आणि लाथ जमिनीला मारली. अंगठ्यातून डोक्यापर्यंत कळ गेली. जमिनीला मारून उरलेलं जे काही होतं ते चेंडूला लागलं. चेंडू घरंगळत निघाला, कामावर जायचा कंटाळा आलेल्या माणसासारखा. बाबगोंडा आप्पा सवयीने स्तब्ध उभे होते. चेंडू त्यांच्या धोतराच्या काठाजवळून गेला आणि बारदानाला जाऊन टेकला. धूळसुद्धा उठली नाही.

गोल!

मी दोन्ही हात वर केले. असं करतात हे वाचलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की हात वर असलेली मी एकटीच आहे. कुणी टाळी वाजवली नाही. खुंट्याला बांधलेलं वासरू तेवढं हंबरलं. काठीवाले आजोबा खाली बसले. रावसाहेब शिट्टीकडे बघत होते. बाबगोंडा आप्पा वळून बारदानाशी टेकलेल्या चेंडूकडे, घरात अनोळखी पाहुणा शिरल्यासारखे, पाहत होते.

"एक गेली," कुणीतरी हळूच म्हणालं. "दुसरी बी गेली तर फुडल्या साली कोण येतंय हितं?"

तेव्हा कुठे माझ्या पुस्तकी डोक्यात उजेड पडला. चिंचेचा आकडा. शेजारचाही न हलवता पाडलेला. असा नेम असलेला माणूस दरवर्षी एवढा मोठा गोल चुकवत होता आणि समोर त्याचा मित्र, हलायची कधी वेळ न येता, कोट घालून उन्हात उभा राहत होता. त्यांना फ्रान्सला हरवायचंच नव्हतं. त्यांना पुढच्या माघाला पुन्हा भेटायचं होतं. आणि मी बसमधून, निपाणी चुकवून, हे सगळं संपवायला आले होते.

ठीक आहे, मी ठरवलं. दुसरी हुकवायची. अगदी बाहेर मारायची, वखारीच्या दिशेने. मी चेंडू ठेवला. वखारीकडे पाहिलं. पाय दुखत होता तरी सगळा जीव गोळा करून मारला.

आयुष्यात एकदाच असं झालं असेल, की चेंडू मला जसा लागायला हवा तसा लागला. आणि तो वखारीकडे गेला नाही. हुकवायलाही नेम लागतो. तो माझ्याजवळ कुठून असणार? चेंडू सरळ, सुसाट, गोलाच्या उजव्या कोपऱ्याकडे निघाला.

"अयाया!" रावसाहेब ओरडले.

आणि फ्रान्स हलला. कोट, धोतर आणि सत्तरीच्या पुढचा सगळा देह घेऊन बाबगोंडा आप्पांनी बाजूला झेप घेतली. झेप म्हणजे तशी पडझडच, पण योग्य दिशेला. ते आडवे झाले, धुरळा उडाला आणि काही दिसेनासं झालं. बारदानातून धूळ उठली की जमिनीतून, कुणालाच कळेना.

धुरळा बसला. आप्पा पालथे पडले होते. चेंडू त्यांच्या पोटाखाली होता. त्यांनी मान वर केली. तोंडाला माती, एक डोळा मिटलेला.

"ऱ्हायली, वैनी!" ते ओरडले. "एक ऱ्हायली!"

मग जो गलका झाला त्यात मला अंतिम सामना कुणी जिंकला हे नीट कळलंच नाही. मी रेषेबाहेर बसून मनसोक्त रडले. डोक्यावरून विमान जात नव्हतं.

जेवण आप्पांकडे. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत पानं मांडली. कांदा-लसूण नाही, पण हरभऱ्याच्या पाल्याची भाजी अशी की मी दोनदा मागितली. आप्पांच्या पत्नी, सगळे त्यांना माई म्हणतात, एका हाताने वाढत होत्या आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या कोपराला हळद लावत होत्या.

"येवढी वरसं खांबासारका हुबा ऱ्हायलास," माई म्हणाल्या, "आणि आता ह्या वयात पालथा पडतोस! फ्रान्सवाल्यांनी पदक धाडलंय काय?"

"गप गं. वैनी लई जोरात मारत्यात."

मी विचारलं, "आप्पा, तुमचं दोघांचं हे ठरलेलं होतं का? त्यांनी चुकवायचं, तुम्ही हलायचं नाही?"

ते भाताचा घास हातात धरून थांबले. "ठरल्यालं काय न्हवतं. त्यो मारायचा, भाईर जायचा. मी म्हणायचो, शशा, हुकलं की रं. त्यो म्हणायचा, हुकलं की रं, आता आलंच पायजे. येवढंच." घास ताटात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज तुमी पयली आत घातलीसा तवा मला वाटलं, आता त्यो खरंच गेला."

माईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. मग म्हणाल्या, "जेवा. दिवस बुडतोय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी भाषण काढलं नाही. खिडकीकडे बघत बसले. कोल्हापूर आलं, गेलं, आणि मला ते दोन्ही कळलं. मनाशी गणित करत होते. लंडनमध्ये फ्रान्स दोन, भारत एक. कालचा एक धरला तर दोन-दोन. आपल्या संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळवलं याची माझी बारा पानं तयार आहेत, पण त्यात ही नोंद कुठल्या पानावर घालावी ते मला अजून सुचलेलं नाही. काठीवाल्या आजोबांना विचारावं लागेल. त्यांच्या संदर्भांत बसेल.

घरी येऊन पिशवीत टॉवेल आणि शिट्टी परत ठेवली आणि ती दारामागच्या खिळ्याला अडकवली. मलमाची डबी तेवढी बाहेर राहिली, कारण उजव्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलं होतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि कशाने झालं विचारलं. मी म्हटलं, "फ्रान्सशी खेळताना." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नखाकडे.

"हे गळून नवं येईल," त्या म्हणाल्या. "पण पुरतं यायला वर्ष तरी जाईल. घाई करून चालणार नाही."

"घाई नाही," मी म्हटलं.